तेलातला वारा

लग्न होऊन मी कोल्हापुराहून मद्रासला आले तेव्हा माझ्याकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा होता आणि तमिळचा एक शब्द येत नव्हता. नवरा मद्रासजवळच्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्यात नोकरीला, म्हणून राहायला तिथलंच क्वार्टर. वर्षभरात मला गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधे एका छोट्या कारखान्यात काम मिळालं. जॅक, सिलिंडर, पंप असं तेलाच्या दाबावर चालणारं सामान तिथे दुरुस्तीला यायचं आणि ते तपासणं माझ्याकडे होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. त्या शेडमधे मी एकटीच बाई होते.

सासरची मंडळी मूळची तंजावरची. त्यांची मराठी ऐकताना सुरुवातीला मला बखर वाचल्यासारखं वाटे. शब्द जुने आणि हेल तमिळ. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत. ते नवऱ्याच्याच कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. मला ते ‘अम्मा’ म्हणून हाक मारत, तिकडे सुनेला तसंच म्हणतात. पण त्यापलीकडे आमचं बोलणं फारसं होत नसे. माझ्या नोकरीला त्यांचा विरोध नव्हता. ती खरी नोकरी आहे असं मात्र त्यांना वाटत नव्हतं.

निवृत्तीनंतर त्यांनी क्वार्टर्सच्या मैदानाची जबाबदारी घेतली होती. मैदान मोठं, एका कडेला पावसाचं पाणी अडवायला घातलेला उंच बांध. गवत कापायला एक जुना अमेरिकन गार्डन ट्रॅक्टर होता. पूर्वी कधीतरी आलेले परदेशी इंजिनिअर जाताना तो मागे ठेवून गेले होते. बसायला सीट, पोटाखाली गवत कापणारी पाती, आणि गिअर नाहीत. इंजिन पट्ट्याने पंप फिरवायचं, पंप तेल ढकलायचा आणि त्या तेलाच्या दाबावर मागची चाकं फिरायची. एकच दांडा, पुढे लोटला की पुढे, मागे ओढला की मागे.

तिकडे मुख्य पाऊस कार्तिकात पडतो. एका वर्षी तो सरला आणि गवत कमरेपर्यंत आलं. त्यात दोनदा नाग दिसला. आयांनी मुलांना मैदानावर पाठवणं बंद केलं. अप्पांनी ट्रॅक्टर बाहेर काढला. पहिला फेरा झाला, दुसऱ्यात त्याची चाल मंदावली आणि मैदानाच्या मधोमध तो उभा राहिला. इंजिन व्यवस्थित चालू, दांडा पुढे, आणि चाकं हलत नाहीत. थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा सुरू केला, तर चालला. पुन्हा उभा.

क्वार्टर्सच्या कमिटीच्या सेक्रेटरींनी शहरातून एक दुरुस्तीवाला बोलावला. त्याने एक चक्कर मारून पाहिली आणि सांगितलं, “पंप झिजलाय. तेल गरम होऊन पातळ झालं की दाब धरत नाही. याचा पार्ट इथे मिळणार नाही. भंगारात द्या.”

सेक्रेटरी तयारच होते. अप्पांनी पोंगलपर्यंतची मुदत मागून घेतली. पोंगलला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, मैदानावर क्वार्टर्सच्या शर्यती व्हायच्या.

त्या रविवारी सकाळी मी चहा घेऊन मैदानावर गेले. अप्पा लुंगी गुडघ्यावर गुंडाळून ट्रॅक्टरपाशी बसले होते. पट्टा घसरत असेल म्हणून त्यांनी पुलीवर खडूच्या खुणा केल्या होत्या. पट्टा घसरत नव्हता. ट्रॅक्टर हाताने ढकलायचा असेल तेव्हा तेलाला मोकळी वाट करून देणारी एक कळ असते. ती नीट मिटलेली होती. तेलाची पातळी ठीक होती.

“तेल कसं दिसतं?” मी विचारलं.

“तेलासारखं.”

मी तेल मोजायची पट्टी ओढून बघितली. तेल ताकासारखं पांढुरकं झालं होतं. बोटावर घेतलं तर त्यात बारीक बारीक बुडबुडे.

“अप्पा, यात हवा मिसळतेय.”

“उगे राहा अम्मा. पंप गेला आहे. तो मनुष्य खोटं बोलला नाही. मज ठाऊक आहे, गरम तेलात झिजला पंप असाच निजतो.”

मी हलले नाही. त्या सकाळीही फेरा घेताना ट्रॅक्टर उभा राहिला होता, त्याला थोडाच वेळ झाला होता. मी विचारलं, “आत्ता सुरू केला तर चालेल?”

“चालेल. नेहमी चालतो.”

“मग चालवायच्या आधी इथे हात लावून बघा.”

मी पंपाच्या खोक्याकडे बोट दाखवलं. त्यांनी तळहात टेकवला आणि झटकन मागे घेतला. खोकं अजून चांगलंच तापलेलं होतं.

“आता चालवा,” मी म्हटलं.

त्यांनी इंजिन सुरू केलं, दांडा लोटला आणि ट्रॅक्टर गवतातून तडक निघाला. पुढे जाऊन त्यांनी तो थांबवला, इंजिन बंद केलं आणि मागे न वळता तसेच सीटवर बसून राहिले. मी जवळ गेले.

“तेल गार झालेलं नाही,” मी म्हणाले. “गरमच आहे, तरी चालला. पंप झिजलेला असता तर तेल गरम असेपर्यंत उठलाच नसता. थांबल्यावर तेल गार होत नाही अप्पा, तेलातले बुडबुडे वर येऊन फुटतात. म्हणून तो पुन्हा चालतो.”

दुसऱ्या कुणासमोर त्यांनी कदाचित मान्यही केलं नसतं. पण ते सीटवरून उतरले, हात लुंगीला पुसले आणि म्हणाले, “तर सांग अम्मा, वारा कोठून शिरतो?”

त्या एका प्रश्नाने आमचं नातंच बदललं. सून म्हणून नव्हे, शेजारच्या बाकावर काम करणाऱ्या माणसाला विचारावं तसा तो प्रश्न होता.

तेल कुठेही गळत नव्हतं, हीच खरी अडचण. पंपाच्या पुढच्या बाजूला भेग असेल तर दाबाने तेल बाहेर येतं आणि लगेच दिसतं. पण पंप ज्या बाजूने तेल ओढून घेतो तिथे भेग असली तर बाहेर काहीच दिसत नाही. पंप तेलाबरोबर हवाही ओढत राहतो. म्हणजे शोधायची जागा तेवढीच होती: फिल्टरपासून पंपापर्यंतची वाट.

“ग्रीस,” अप्पा आणि मी जवळजवळ एकदमच म्हणालो.

भेगेवर जाड ग्रीस बसलं की हवा शिरणं तात्पुरतं थांबतं, म्हणून आम्ही ते एकेका सांध्यावर थापत गेलो. आधी फिल्टरच्या बुडाशी लावलं आणि ट्रॅक्टर चालवला. उभा राहिला. मग पंपाच्या तोंडाशी. पुन्हा उभा राहिला. शेवटी फिल्टरकडून येणाऱ्या रबरी पाइपच्या टोकावर, क्लिपच्या मागे, अप्पांनी बोटाने ग्रीस दाबून भरलं. त्या वेळी ट्रॅक्टर थांबेचना. अप्पा फेऱ्यामागून फेरा घेत राहिले आणि मी उन्हात पदर डोक्यावर ओढून बघत राहिले.

पाइप काढून वाकवला तेव्हा क्लिपखाली केसासारख्या चिरा दिसल्या. रबर जुनं होऊन लाकडासारखं कडक झालं होतं.

आवडीतल्या दुकानातून अप्पांनी त्याच जाडीचा पाइप आणून बसवला. आम्ही मोठ्या आशेने ट्रॅक्टर सुरू केला आणि तो पूर्वीपेक्षा लवकर उभा राहिला, वर पंप रडल्यासारखा आवाज करू लागला. अप्पांचा चेहरा पडला. मी खाली वाकून बघितलं, तर नवा पाइप चपटा झाला होता. पंपाच्या ओढीने त्याच्या भिंती एकमेकींना चिकटत होत्या.

“हा पाणी ढकलायचा पाइप आहे,” मी म्हटलं. “आपल्याला ओढायचा हवा. आत तारेचं वेटोळं असलेला. तेलाने न फुगणारा.”

“कोठे मिळतो?”

“गिंडीत. माझ्या शेजारच्या शेडमधे.”

“मीही येतो,” अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर निघाले. त्यांनी पहिल्यांदाच माझी शेड बघितली. मी सिलिंडर तपासायला लावला तेव्हा ते मागे हात बांधून उभे होते, दाबाचा काटा कुठे थांबतो ते बघत. मालकांनी खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पाइप घेतला. येताना गाडीत ते तो मांडीवर घेऊन बसले आणि मला कामाबद्दल विचारत राहिले, थेट आवडी येईपर्यंत.

पाइप बसला. जुनं ताक झालेलं तेल काढून नवं भरलं, फिल्टर बदलला. मागची चाकं जमिनीवरून उचलून ट्रॅक्टर विटांवर टेकवला आणि दांडा हळूहळू पुढे-मागे करत आत अडकलेली हवा बाहेर काढली. तेलाची पातळी उतरली की पुन्हा भरायचं, पुन्हा दांडा. हळूहळू पंपाची घरघर थांबली आणि एकसारखा, गुळगुळीत आवाज येऊ लागला. अप्पांनी पट्टी काढून मला दाखवली. तेल मधासारखं स्वच्छ होतं.

सेक्रेटरी बघायला आले होते. क्वार्टर्समधल्या बऱ्याच बायका गॅलरीत उभ्या होत्या. मला वाटलं अप्पा बसतील. त्यांनी सीटवरची धूळ झटकली आणि मला म्हणाले, “बैस अम्मा.”

मी साडी खोचून बसले. गवत कापत लांबचे फेरे घेतले, तेल चांगलं तापेपर्यंत. मग अप्पांनी हाताने खूण केली. मी पाती वर उचलून बंद केली आणि ट्रॅक्टर बांधाकडे वळवला. त्या चढावर तो नवा असतानाही कुणी नेला नव्हता म्हणे. मी दांडा अलगद लोटला. पुढचं तोंड वर झालं, मला आभाळ दिसू लागलं; इंजिनाचा आवाज जड झाला, पण चाकं फिरत राहिली, एकाच सावकाश चालीने, थेट माथ्यापर्यंत. तिथे मी दांडा मधे आणला. ट्रॅक्टर चढाच्या टोकावर जागच्या जागी उभा राहिला. या वेळी मी थांबवला म्हणून.

खाली टाळ्या वाजत होत्या. मी उतरून आले तेव्हा सेक्रेटरी अप्पांना तमिळमधे विचारत होते, कुठला मेकॅनिक आणला होता म्हणून.

“आणला नाही,” अप्पा म्हणाले. “घरातच आहे. माझी सून. गिंडीत पंपांचं काम बघते.”

नंतर ते स्वतः सीटवर बसले आणि उरलेलं मैदान त्यांनी कापलं. कापल्या गवताचा वास क्वार्टर्सच्या खिडक्यांपर्यंत गेला. उडणारे किडे टिपायला बगळे ट्रॅक्टरच्या मागोमाग चालत होते, आणि त्या बगळ्यांच्या मागे, अनवाणी, क्वार्टर्समधली सगळी मुलं.