कुंडाच्या उंबऱ्यावरच्या सपाता

हात्सुएसारखी भित्री बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही. वीज चमकली की ही गाद्यांच्या कपाटात. स्वयंपाकघरात जिवंत ऑक्टोपस आला की ही जिन्यावर. गॅस मी पेटवायचा, उंदराचा सापळा मी उचलायचा आणि पाहुण्यांपुढे ताट ठेवताना हिचं हसू मात्र असं, की भीती कशाशी खातात हे बाईला ठाऊकच नाही! आमच्या इसोनोया पाहुणघरात मी स्वयंपाकाला आणि ती खोल्यांना, दोघी एकाच वर्षी लागलो. तेव्हापासून आमचं भांडण चालू आहे.

सगळ्यात जास्त ती भ्यायची समुद्राला. आता बोला! पाहुणघर समुद्राला चिकटून, गरम पाण्याचं कुंड तर त्याच्याही खाली, खडकात. लाट जोरात आली तर अंघोळ करणाऱ्याच्या तोंडावर शिंतोडे उडतात आणि पाहुणे त्यासाठीच लांबून येतात. हात्सुए लहान असताना तिच्या आजोळची अख्खी वाडी पाण्याने नेली होती. त्याबद्दल ती बोलत नसे. पण कुंडाकडे उतरताना समुद्राकडे पाठ करून, भिंतीला घासत, खेकड्यासारखी तिरकी चालायची.

"अगं, तो काय तुला ओळखतो का?" मी चिडवायची.

"ओळखतो," ती म्हणायची. मला हसू आवरायचं नाही.

पण कामाला चोख. कुंडाच्या उंबऱ्याशी पाहुणे सपाता काढून आत जातात. आम्ही त्या फिरवून ठेवतो, टोकं बाहेरच्या दिशेला, म्हणजे बाहेर येणाऱ्याचा पाय सरळ आत जातो. हे सगळ्याच पाहुणघरांत करतात. हात्सुएचं त्याच्याही पुढचं होतं. तिला ओली सपात खपायची नाही. ओली दिसली की उचलायची, बॉयलरच्या खोलीत सुकत घालायची आणि तिच्या जागी कोरडी जोडी आणून ठेवायची. त्याच सपातांवर आमच्या ओकामीचा, म्हणजे मालकीणबाईंचा, एक नियम होता. धोक्याचा भोंगा झाला की वर पळण्याआधी उंबरा पाहायचा. सपाता नाहीत म्हणजे आत कुणी नाही. गेली कित्येक वर्षं हा नियम कधी चुकला नव्हता.

त्या शरदात कुराहाशी आजी आल्या होत्या. एकट्याच यायच्या, दर वर्षी. जन्मभर शाळेत पोरांना कवायत शिकवलेली, त्यामुळे आवाज अजून मैदानावरचा. कानाला यंत्र होतं. कुंडात उतरताना ते काढून कपड्यांच्या टोपलीत ठेवलं की शेजारी तोफ उडवा, त्यांना पत्ता नाही. रोज दुपारी त्या आधी टेकडीवरच्या देवळात जायच्या, मग कुंडात. त्या दिवशी गुडघा ठणकत होता म्हणून आधी कुंडात गेल्या. रिमझिम पाऊस होता, उघड्या पायऱ्या उतरताना सपाता भिजल्या. हात्सुएने त्या पाहिल्या, उचलल्या आणि ती बॉयलरकडे वळली. तेवढ्यात भोंगा झाला.

जमीन जराही हलली नव्हती. हलली असती तर आजींना पाण्यात बसल्या बसल्या कळलं असतं. कर्ण्यावरचा माणूस सांगत होता की महासागराच्या पार पलीकडे काल भूकंप झाला होता, त्याची लाट वाटली होती त्याहून मोठी निघालीय आणि आता पोहोचतेय, सगळ्यांनी वर जा. मी चुली विझवल्या आणि देवळाच्या पायऱ्यांना लागले. पाहुणे अंघोळीनंतर घालायच्या सुती झग्यात, युकात्यातच, धावत होते. कुणी रडत होतं, कुणी उगाच हसत होतं.

वर पोहोचल्यावर मालकीणबाईंनी एकेक तोंड पाहिलं. "कुराहाशी-सान कुठे आहेत?"

"या वेळेला इथेच असतात की," मी म्हणाले. पण देऊळ रिकामं होतं.

"मग गावात गेल्या असतील. कुंडाचा उंबरा मी स्वतः पाहिलाय. एकही सपात नव्हती."

माझ्या शेजारून एक आवाज आला. मांजरीच्या पिल्लासारखा. हात्सुए स्वतःच्या हातांकडे बघत होती. तिच्या हातात ओल्या सपातांची जोडी होती. बया त्या छातीशी धरूनच टेकडी चढून आली होती आणि तिला तोवर कळलंच नव्हतं.

"आजींच्या आहेत," ती म्हणाली. "त्या आतच आहेत."

मालकीणबाई पांढऱ्याफटक पडल्या. बंदरावरच्या बंबवाल्यांना फोन लावू लागल्या. ते खाडीच्या पलीकडे, येणार कधी? तोवर हात्सुए पायऱ्या उतरायला लागलीसुद्धा. मी धावत जाऊन तिची बाही पकडली.

"वेड लागलंय का तुला? मरशील!"

"सोड मला, मासानो-सान."

सोडली नाही. ती थांबेना, मी सोडेना, अशा आम्ही दोघी खाली निघालो. लोक नंतर मला शूर म्हणाले. डोंबलाची शूर! माझ्या हातात तिची बाही होती, एवढंच.

खाली गेलो तर समुद्रच नव्हता.

जिथे रोज पाणी असतं तिथे काळे, शेवाळलेले खडक दिसत होते. इतकी वर्षं तिथे राहून मी ते कधी पाहिले नव्हते. चिखलात मासे तडफडत होते. कर्ण्यावरचा माणूस तेच ते सांगत होता आणि तो श्वास घ्यायला थांबला की सगळं चिडीचूप. हात्सुए मटकन खाली बसली.

"माझे पाय चालत नाहीयेत," ती म्हणाली.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, चल परत, म्हातारी आहे, जगून झालंय तिचं. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात हिने सपाता पदरात, म्हणजे कामाच्या आंगरख्यात, खोचल्या आणि ती रांगायला लागली. चारी हातापायांवर, त्या ओल्या पायऱ्यांवरून, एकेक खाली. या वेळी तोंड समुद्राकडे होतं. मी मागून देवाचं नाव घेत गेले.

आजी कुंडात डोक्यावर टॉवेल ठेवून, डोळे मिटून, भसाड्या आवाजात शाळेचं काहीतरी गाणं म्हणत होत्या. हात्सुएने त्यांचा खांदा धरला. आजींनी डोळे उघडले आणि माझ्या पायांकडे पाहून कडाडल्या, "काय हे! पायातलं घालून आत?"

हात्सुएने नुसता हात समुद्राकडे केला. आजींनी मान वळवली. आमच्या किनाऱ्यावर तेवढं पुरतं. त्या तडक उठल्या, मी युकाता त्यांच्या अंगावर टाकला आणि आम्ही उंबऱ्याशी आलो.

आणि तिथे हात्सुए वाकली. तिने आंगरख्यातून सपाता काढल्या, खाली ठेवल्या, टोकं बाहेरच्या दिशेला.

"आता कशाला गं, मेले!" मी किंचाळले.

पण आजींचा पाय सरळ आत गेला.

त्यांना आम्ही अर्धं ओढत, अर्धं उचलत नेलं. मागून आवाज येत होता, खडीचा ट्रक रिकामा करावा तसा, पण न संपणारा. मी वळून पाहिलं नाही. देवळाच्या अंगणात पोहोचून वळले तेव्हा कुंडाची बांबूची भिंत नव्हती, कपडे बदलायची झोपडी नव्हती, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तपकिरी पाणी आत शिरत होतं.

सगळे हात्सुएची पाठ थोपटायला आले. तिने कुणाला हात लावू दिला नाही. आजींपुढे गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं आणि त्यांच्या सपातांकडे बोट करून म्हणाली, "मीच उचलल्या होत्या. माझ्यामुळे तुम्ही खाली राहिलात."

आजींचं कानाचं यंत्र समुद्रात गेलेलं. "काय म्हणतेस? सपाता? ओल्या आहेत, असू दे गं."

तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा आजींनी "असू दे" म्हटलं. असं कितीतरी वेळ चाललं. शेवटी मालकीणबाईंनी तिला उठवलं, तर ती त्यांच्या खांद्यावर हमसून हमसून रडली. मीही रडले.

कुंड पुन्हा तिथेच बांधलं. झरा तिथे आहे, नेणार कुठे? पुढच्या शरदात कुराहाशी आजी आल्या, नवं यंत्र घेऊन. ते टोपलीत ठेवून पाण्यात उतरल्या. हात्सुए उंबऱ्यावर बसली. सपाता शेजारी, चिंब ओल्या. ती त्यांना हात लावत नव्हती. तोंड समुद्राकडे, आणि दोन्ही हातांनी उंबरा गच्च धरलेला.

मी भाजीची टोपली घेऊन तिथून जात होते. "भागूबाई, जा वर," मी म्हटलं. "मी बसते."

तिने नकाराची मान हलवली.

"हात्सुए, आहेस ना?" आतून आजींनी विचारलं.

उत्तर ऐकू जाणार नव्हतं. हात्सुएने दारावरच्या पडद्याच्या फटीतून हात आत घातला आणि हलवला. थोड्या वेळाने आजींनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा हलवला. मी टोपली खाली ठेवली आणि तिच्या शेजारी बसले.