मंजूर नकाशात नसलेला खांब

आपल्या सदरातील वाचकांचे गूढ अनुभव मी आजवर केवळ त्यांतील विसंगती शोधण्यासाठी वाचत आलो. दोनदा संपादकांना त्या लेखी कळवल्याही. उत्तराचे सौजन्य दाखवले गेले नाही. न्यायालयात शिरस्तेदार म्हणून माझी हयात गेली. पुराव्याविना मी पंचांगावरही विश्वास ठेवत नाही. तरीही पुढील हकीकत क्रमाने मांडणे मला भाग आहे...

स्थळ सानपाडा. आमची सोसायटी चार मजल्यांची; तळाला भिंती नाहीत, नुसते खांब आणि त्यांमध्ये लावलेल्या स्कूटरी. मी पहिल्या मजल्यावर. वर्ष किल्लारीच्या भूकंपाचे. त्या पहाटे आमच्याकडे मांडणीतील भांडी वाजली, एवढेच. मात्र नंतर माझ्या बेडरूमखालील स्लॅबला तडा दिसू लागला.

माझी पत्नी सुमन त्या वेळी खाटेला खिळलेली होती. खुब्याचे हाड मोडले होते, पायाला वजन बांधलेले होते. "सहा आठवडे जागचे हलवायचे नाही," अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. त्यामुळे मला एकच कागद हवा होता — इमारत राहण्यास योग्य आहे, असा. त्यासाठी मी संबंधित कार्यालयाला महिन्याभरात सात पत्रे लिहिली. सातव्यात कायदेशीर कारवाईचा उल्लेख केला, तेव्हा कुठे दोन इंजिनिअर आले: परांजपे आणि त्यांच्या सहकारी मिसेस नायर.

परांजपे प्रत्येक खांबावर हातोडी ठोकून आवाज ऐकत, खडूने क्रमांक घालत. मिसेस नायर लिहून घेत.

"काका, नकाशात खांब किती आहेत?" परांजप्यांनी विचारले.

"सोळा. प्रमाणित प्रत आहे माझ्याकडे."

"इथे सतरा भरतायत."

"पुन्हा मोजा."

त्यांनी पुन्हा मोजले. मग मी मोजले. सतरा! जादाचा खांब मधल्या रांगेत, नेमका माझ्या बेडरूमखाली होता. तेच प्लॅस्टर, तोच मळकट पिवळा रंग. तो आधीपासून होता काय? शपथेवर सांगू शकत नाही. आठ वर्षे मी तिथून ये-जा करत होतो. पण आपल्या घराखाली खांब किती, हे कोण मोजतो?

परांजप्यांनी त्यावर हातोडी मारली. आवाज आलाच नाही. उशीवर मारावी, तशी ती नुसती टेकली.

मिसेस नायरनी हात लावून पाहिला. "सर, गरम लागतोय हा."

"ऊन आलं असेल," परांजपे म्हणाले. तिथे कधीही ऊन येत नाही.

आमचा वॉचमन हिराजी हा सानपाडा गावचा. याच जागेवर त्याच्या बापाचे भातशेत होते. मी त्याला मोजायला लावले. खळ्यावर रास मापताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात, तसा तो मोजू लागला — लाभ, दोन, तीन... सोळापर्यंत आला आणि सतराव्यावर नुसता तळवा ठेवून उभा राहिला.

"सतरा म्हण की!"

"त्याला नाय मोजायचा, काका. तो कामाला लागलाय. ऱ्हाऊ द्या."

"कोणाच्या परवानगीने?"

"आमची शेतां घेतली तवा आमची परवानगी कोनी इचारली?" तो हसला. मला ते हसणे मुळीच आवडले नाही.

परांजप्यांनी मला बाजूला घेतले. "काका, आज सर्टिफिकेट नाही देता येणार. शेजारचे दोन खांब आतून पोकळ वाजतायत. आणि खरं सांगू? वरचा लोड हाच घेतोय असं दिसतंय. हा काय आहे ते कळेपर्यंत..."

माझा संताप अनावर झाला. मी त्यांना सुनावले की, तपासणी मंजूर नकाशानुसार करावयाची असते. जे नकाशात नाही, ते कायद्याच्या दृष्टीने नाही. नोंद खोडून सर्टिफिकेट द्या, अन्यथा दोघांच्या नावानिशी वरिष्ठांकडे तक्रार करीन. वाक्यही मीच सांगितले — "खांब क्रमांक सतरा अस्तित्वात नाही, असे समजण्यात यावे." परांजप्यांनी ओळ खोडली, सांगितलेले वाक्य लिहिले आणि खाली सह्या करून कागद माझ्या हाती दिला.

हिराजी चपला घालून फाटकाकडे चालू लागला.

"कुठे निघालास?"

"भायेर. तुमीपन काकूला घ्या नि या."

मी वर गेलो आणि खाटेशी उभा राहून सुमनला तो कागद वाचून दाखवू लागलो. मी त्या वाक्यापर्यंत आलो... आणि खाली कोणीतरी जड पोते ठेवावे तसा आवाज झाला. खाट भिंतीकडे कलली. तिच्या पायाचे वजन लोंबकळत तिरपे झाले.

"काका, काकूंना खाली आणा! लगेच!" परांजपे खालून ओरडत होते.

शेजारच्या चौघांनी तिला गादीसकट उचलले. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती किंचाळत होती. खाली आलो तेव्हा स्लॅब चार बोटे खचलेला होता आणि खांब सोळा होते. सतराव्याच्या जागी सपाट फरशी, तीवर स्कूटरच्या तेलाचा जुनाट, वाळलेला डाग. परांजपे त्या मोकळ्या जागेत हात फिरवून पाहत होते.

संध्याकाळपर्यंत टेकू लागले आणि इमारत रिकामी झाली. आम्ही जुईनगरला भाड्याने राहू लागलो. सुमनचे हाड त्या उचलाउचलीत पुन्हा सरकले. ती आजही सरळ चालू शकत नाही. पुढे आलेल्या तज्ज्ञांनी हलक्या प्रतीच्या काँक्रीटला दोष दिला. तो मला मान्य आहे; त्याने खचणे सिद्ध होते, सतरा सिद्ध होत नाही. परांजप्यांना मी खुलासा मागणारे पत्र पाठवले. उत्तर एका ओळीचे आले: "आपण सांगितल्याप्रमाणे नोंद दुरुस्त केली आहे."

सुमन एकदाच त्याविषयी बोलली. "भूकंप झाल्यापासून खाटेखाली कुणीतरी पाठ लावून बसलंय असं वाटायचं हो. दमायचा तो. श्वास कळायचा मला. भीती नाही वाटली कधी... तुम्ही वाचत होतात ना, तेव्हाच तो सुटला."

माझ्यापाशी याचे स्पष्टीकरण नाही. कागदावरचे ते वाक्य माझे होते, हे तिला ठाऊक नाही. ते इंजिनिअरचे, असेच ती आजवर समजत आली. समोर बसून सांगणे मला जमले नाही. ती हे सदर नियमित वाचते.