लुगडं, काठ आणि टिकली

जगातली निम्मी भांडणं चुकीच्या रंगामुळे होतात आणि उरलेली निम्मी चुकीच्या अक्षरामुळे, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच आहे, आणि ते म्हणजे माझे थोरले साडभाऊ. बायकोच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. हयात छापखान्यात गेली. छापखाना बंद पडल्यावर माणसं देवधर्माला लागतात, हे संगणकाला लागले. आता नंदनवनातल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून वेबसाइटी करतात. त्या खोलीत एक कूलर, एक संगणक आणि दोरीवर ताईंच्या साड्या. साड्या वाळत घातलेल्या नसतात, त्या कामावर असतात. कुठलीही वेबसाइट आली की साडभाऊ तिला आधी साडी शोधतात. "लुगडं, काठ आन् टिकली. झाले तीन रंग, चौथा नाही," हा त्यांचा कायदा. लुगड्याचा रंग पानभर, काठाचा मथळ्यांना, आणि टिकलीचा फक्त त्या एका बटणाला, जे लोकांनी दाबावं असं मालकाला वाटतं. एका मिठाईवाल्या शेठना सात रंग हवे होते. साडभाऊ शांतपणे म्हणाले, "सेठजी, सात टिकली लगाई हुई औरत देखी क्या आपने?" शेठजींनी बराच विचार केला आणि चार रंग परत घेतले. एकदा तर ताईंना बारशाला निघायचं होतं आणि त्यांची अंजिरी साडी मॉनिटरवर पांघरलेली. "अवो, माही साडी काहून नेसून राहिला तुमचा कंपुटर?" असं ताई ओरडल्या, तेव्हा साडभाऊ म्हणाले, "पाच मिनिटं थांब वं, काठ जुळून राहिला."

अक्षरांचं त्याहून कठीण. एका वेबसाइटीत दोनच वळणांची अक्षरं चालतात, कारण घरात आवाज दोनच हवेत, एक हाक मारणारा आणि एक समजावून सांगणारा. भर जेवणातून त्यांनी मला एकदा फोन करून बोलावलं. जाऊन पाहतो तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकला होता. "पाय मारून राहिला पहा तिच्या डोक्यात," साडभाऊ कळवळून म्हणाले. "इंग्रजी अक्षर चुपचाप बसते. आपल्याले डोक्यावर मात्रा, पायात उकार. त्यायले ऐसपैस बसू द्या ना गा!" पान तयार झालं की शेवटची परीक्षा गच्चीवर, मे महिना असला तरी, दुपारी एक वाजता, चरे पडलेल्या जुन्या फोनवर. लोक वेबसाइट एसीत नाही, बसस्टँडवर उभं राहून पाहतात, असं त्यांचं म्हणणं. शेजाऱ्यांचं म्हणणं वेगळं आहे, पण ते मी इथं सांगत नाही.

धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्याचं काम आलं तेव्हा मात्र गंमत संपली. एवढं मोठं काम पहिलंच, आणि हे फसलं तर संगणक विकून टाकीन, असं साडभाऊ ताईंना कबूल करून बसले होते. तरुण डॉक्टरांना हवं होतं पांढरंशुभ्र पान आणि त्यावर फिक्या राखाडी रंगाची बारीक अक्षरं. मी म्हटलं, साडभाऊ, मागतात ते देऊन मोकळे व्हा. त्यांनी दोन वेबसाइटी केल्या, एक डॉक्टरांच्या मनासारखी, एक स्वतःच्या. दोन फोनांत दोन घेऊन आम्ही भर दुपारी गेलो. फिकी पाहून डॉक्टर खूश झाले. "वा काका, एकदम क्लासी!"

"डॉक्टरसाहेब, दोन मिनिटं बाहेर येता?" साडभाऊ म्हणाले. डॉक्टर बिचारे आले.

बाहेर पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बायकोचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. साडभाऊंनी फिकीचा फोन त्यांच्या हाती दिला. "बाबाजी, हे वाचून सांगता का जरा?" बाबाजींनी फोन जवळ धरला, लांब धरला, चष्मा पुसला आणि ओशाळून परत केला. "मले वाचता नाही येत, बाप्पा." त्यांच्या काखेत घडी केलेला पेपर होता. डॉक्टरांची नजर त्या पेपरावर गेली आणि तिथंच राहिली.

मग दुसरा फोन. ठसठशीत काळी अक्षरं. बाबाजी सावकाश वाचू लागले, "नातेवाइकांच्या मुक्कामाची सोय... मागच्या इमारतीत." फोनवरून मान वर केली. "म्हंजे? मी तं दोन दिवसांपासून या पायरीवरच झोपून राहिलो ना!"

डॉक्टरांनी बाबाजींची पिशवी स्वतः उचलली, आणि जाता जाता म्हणाले, "काका, दुसरीच लावा."

परतताना स्कूटरवर मागे बसून मी साडभाऊंचं कौतुक करत होतो. सिग्नलला थांबल्यावर ते मान न वळवता म्हणाले, "माहा बाप असंच बोलला होता गा. माह्या लग्नाची पत्रिका छापखान्यात मीच छापली होती. लाल कागद, सोनेरी अक्षरं, बारीक, वेलबुट्टीची. मोठ्या हौसेनं बापाच्या हाती दिली. त्यानं उलटीसुलटी केली आन् म्हणे, मले कुठं वाचता येते बाप्पा. सगळे हसले. मीही हसलो. चौथी शिकला होता माहा बाप. रोज पोथी वाचे." मग लाल दिव्याकडे पाहत म्हणाले, "त्याले वाचता येत होतं. मले लिहिता आलं नाही."

मला या माणसाची इतकी माया कधी वाटली नव्हती. सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न वाजवत होते. मी त्यांना घाई केली नाही.