जेटमधला पांढरा कचरा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. ओळखणाऱ्यांसाठी मी अजून वरठीचा मधू मिस्त्री आहे, ज्याच्या हातात म्हणे जादू आहे. असं कोणी म्हणालं की तोंड कडू होतं. तरी मी ऐकून घेतो.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. स्टेशनच्या रस्त्यावर माझं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मोहाडीकडे शंकरपट भरायचा. बैलजोड्या धावून झाल्या की त्याच मैदानावर हौशी लोक मोटरसायकली पळवायचे. माझा दोस्त बापूराव — घरची धानाची शेती आणि अंगात नुसती रग — त्याने आपली साडेतीनशे सीसीची गाडी पंधरा दिवस आधी माझ्या दारात आणून उभी केली. यंदा पहिला नंबर पाहिजे, म्हणाला.

मी तरी कुठे कमी होतो? भंडाऱ्याकडच्या एका कारखान्यातल्या इंजिनिअरने मला सांगितलं होतं, परदेशात शर्यतीच्या गाड्या स्पिरिटवर पळवतात. इंजिन थंड राहतं आणि जोरही जास्त. आता स्पिरिट कुठून आणायचं? आमच्याकडे मोह काही कमी आहे का? पहिल्या धारेची दारू आणली, गुपचूप पुन्हा एकदा गाळली, काडी लावल्यावर निळी पेटेपर्यंत. कार्बोरेटरमधला जेट बदलला. जेट म्हणजे पितळेचा बारीक भोकाचा तुकडा, त्यातून इंजिनाला जळायला तेल मिळतं. स्पिरिट जास्त लागतं म्हणून मोठ्या भोकाचा बसवला आणि दहा-बारा दिवस वरठीच्या रस्त्यावर गाडी अशी पळवली की मीच स्वतःवर खूश. बापूरावला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या घरी दारूचं नाव चालत नसे.

पटाच्या दिवशी गाडी पुन्हा पेट्रोलवर आणायची होती, नाहीतर वासाने सगळं उघडं पडलं असतं. सकाळी जुना जेट बसवायला कार्बोरेटरची वाटी उघडली — आत पांढरा थर. पेजेवर धरते तशी साय. दारूत पाणी राहिलं होतं, त्याने आतला धातू खाल्ला होता. सगळं खोलायचं, धुवायचं, हवा मारायची, तासाभराचं काम. मी काय केलं? बोटाने पुसलं, जुना जेट बसवला आणि वाटी बंद केली. घाई होती म्हणून? छे. बापूराव शेजारी उभा होता. सगळं खोललं असतं तर त्याने विचारलं असतं, हे काय रे.

पेट्रोल घेतलं मोहाडीत, सीतारामभाऊकडून. पंप दूर भंडाऱ्याला, म्हणून तो ड्रममधून सुटं पेट्रोल विकायचा. गिऱ्हाइकासमोर चौपदरी पांढऱ्या धोतरातून गाळून द्यायचा आणि मग ते फडकं पसरून दाखवायचा — बघा, काही नाही. त्या दिवशीही दाखवलं. मी स्वतः पाहिलं, काहीच नव्हतं.

अर्ध्या मैदानात कचरा जेटमध्ये अडकला. तेल कमी पडल्याने इंजिन तापलं, भर वेगात पिस्टन जाम झाला आणि मागचं चाक जागीच थांबलं. बापूराव उडून पडला. मांडीचं हाड मोडलं. तो पुढे जन्मभर पाय ओढत चालला.

संध्याकाळी लोकांसमोर मी कार्बोरेटर खोलला. जेट उजेडात धरला. भोक बंद. कोणीतरी म्हणालं, पेट्रोलात मिलावट आहे. मी म्हणालो का तसं? नाही. मी गप्प राहिलो. गप्प राहायला मला फार कष्ट पडले, असंही नाही.

चार दिवसांनी सीतारामभाऊ दुकानात आला. उभाच राहिला.

"मधू, तू मिस्त्री हायस. तूच सांग, माह्या पेट्रोलात खराबी होती का?"

मी पाना खाली ठेवला नाही.

"जेटमंदी पांढरा कचरा निघाला भाऊ. आता मी काय सांगू?"

शब्द न् शब्द खरा होता! खऱ्या शब्दांनी इतकं स्वच्छ खोटं बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. वर मनात समजूत घातली — दारू गाळल्याचं कळलं तर पोलीस नेतील. पोलिसांची भीती नव्हती हो. मधू मिस्त्रीचा हात चुकला, हे लोकांनी म्हणायला नको होतं. बस्स.

त्याचं गिऱ्हाईक तुटलं. रस्त्याने जाताना लोक विचारायचे, आज काय मिसळलं? वर्षभरात त्याने दुकान मोडलं आणि लेकीच्या गावी, कोंढ्याला, जाऊन राहिला.

सात-आठ वर्षांनी कोंढ्याला एक डिझेल इंजिन दुरुस्त करायला गेलो, तेव्हा तो भेटला. टाळणार होतो. पण त्यानेच हाक मारली, घरी नेलं, लेकीला चहा ठेवायला सांगितला. म्हातारा झाला होता. चहाची बशी खाली ठेवून म्हणाला,

"लय विचार केला मी, मधू. माह्याच हातून काही चुकलं असंन. नाहीतर तुले कचरा कसा दिसला असता? बाकीचे सारे पाठीमागं बोलले. तू तेवढा तोंडावर बोललास. ते मी इसरलो नाही."

तेव्हा सांगायचं होतं. खोलीत आम्ही दोघेच होतो, पोलीस नव्हते, गाव नव्हतं. बापूरावनेही केव्हाच ते सोडून दिलं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

"जाऊ द्या भाऊ," मी म्हणालो. "होते चूक मानसाची."

त्याने मान हलवली. त्याला बरं वाटलं, ते मला दिसलं — मी त्याला माफ केलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.