कचरूकाकांचा सोफा

धायरीच्या आमच्या सोसायटीत कचरूकाकांचा मुलगा चेतन हिंजवडीला आयटी कंपनीत लागला, तेव्हापासून काका आजारपणाची वाटच बघत होते. "कंपनीचा मेडिक्लेम आहे. आई-वडिलांसकट!" हे वाक्य त्यांनी जिन्यात, पार्किंगमध्ये, एकदा तर अंत्ययात्रेतही ऐकवलं. पॉलिसीचे कागद मात्र उघडले नाहीत. पोराच्या कंपनीवर अविश्वास कोण दाखवणार?

शेवटी पित्ताशयाचे खडे निघाले ते काकांच्या बायकोला, सुंदरामावशींना. मावशी मंडईबाहेर फुटपाथवर पोतं टाकून तीस वर्षं पालेभाजी विकत आलेल्या. धायरीत स्वतःचा गाळा घ्यायचा, पाठ टेकून बसायचं, म्हणून त्यांनी पै-पै करून दोन लाख साठवले होते.

हॉस्पिटलात दोन पेशंटची खोली मिळत होती. चेतन फोनवर म्हणाला, "पप्पा, तीच घ्या." पण शेजारच्या डीलक्स खोलीत काकांना सोफा दिसला.

"गावाकडून माणसं भेटायला येणार. आयटीवाल्याच्या आईला बघायला येऊन उभी राहणार का?" असं म्हणून काकांनी झोकात सही केली.

माणसं आली. सोफ्यावर बसली, चहा प्यायली, एसीला नावं ठेवली. मावशी पलंगावरून बघत होत्या. मीही बसून आलो. सोफा चांगला होता, खोटं कशाला बोलू.

डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने शांतपणे सांगितलं, "काका, तुमच्या पॉलिसीत खोलीला दिवसाला पाच हजारांची मर्यादा आहे. तुम्ही साडेबारा हजारांची घेतलीत. मग ऑपरेशन, डॉक्टरांची फी, सगळंच त्या प्रमाणात कापतात." साडेतीन लाखांच्या बिलातले दोन लाख दहा हजार अंगावर आले. चेतनचा पगार फ्लॅटच्या हप्त्यात अडकलेला. माणसं तर केव्हाच गावी पोचली होती.

मला विमा कंपनीचा संताप आला, आणि काकांचा त्याहून जास्त.

मावशींनी पासबुक काढून दिलं. त्यातले दोन लाख आणि खिशातले दहा हजार भरून काका वर आले, तर मावशी पलंगावरून उतरून सोफ्यावर बसलेल्या. पाठ टेकून, डोळे मिटून.

"अगं, चल ना. रिक्षा उभी आहे."

"थांबा जरा," मावशी म्हणाल्या. "माझ्या गाळ्यात बसलेय मी."