नहराच्या पाळीवरून बारावीच्या पेपरला

ट्रॅफिक नको, डांबर नको, हॉर्न नको. झुबेदाने फोनवर एवढ्याच अटी घातल्या आणि मी नागपुरात नकाशा उघडून बसले. आम्ही दोघीही साठीच्या पुढच्या. चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसायचो. तिच्या अब्बांचं सायकलचं दुकान होतं. मी सायकल शिकले ती त्यांच्याच भाड्याच्या सायकलीवर, झुबेदाच्या शिव्या खात. माझे वडील कोळसा खाणीत नोकरीला होते, आणि वरोरा-चंद्रपूरच्या मधल्या कॉलनीतून शाळेची बस मला घेऊन जायची. त्या भागातली ती खाण बंद होऊन खूप वर्षं झाली. तिथले कोळशाच्या ट्रकांचे कच्चे रस्ते आता रिकामे असतात आणि पुढे मूल-सावलीकडे नहराच्या पाळीवरून, म्हणजे कालव्याच्या काठच्या बांधावरून थेट गडचिरोलीच्या दिशेने जाता येतं, असं कळलं. मार्चच्या सुरुवातीला निघालो.

पहिला दिवस वरोऱ्यापासून. सायकली रेल्वेच्या लगेजच्या डब्यातून आल्या. स्टेशनबाहेर तर्रीपोहे खाऊन घ्या, पुढे चहासुद्धा मिळत नाही. टायर जाडच हवेत, कारण मातीच्या ढिगाऱ्यांवर विलायती बाभळीचं रान माजलंय आणि काटे वाटेवर पसरलेले असतात. खाण बंद असली तरी जागा कुणाची तरी असते. गेटवरच्या माणसाला विचारून, नाव लिहूनच आत जा. आम्हाला त्याने एकच प्रश्न विचारला, "इथी पाहाले का हाये बाई?"

मला माझं घर पाहायचं होतं. कॉलनीतली पाण्याची टाकी सापडली, तिच्यावरून मी दिशा धरली. शाळेच्या बसचा थांबा, क्वार्टरची ओळ, आईने लावलेला पारिजातक. टाकीपासून थोडं चाललो आणि जमीन संपली. खाली खोल खड्डा, त्यात गर्द हिरवं पाणी. आमचं स्वयंपाकघर जिथे असावं तिथे हवा होती.

"कित्ती सुंदर दिसून राह्यलं," झुबेदा म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे पाहून तिने माझा हात धरला. आईची संध्याकाळची हाक मी अजूनही स्वप्नात ऐकते. इथे उभं राहून मात्र ती आठवेना. अंगावर काळी धूळ घेऊन आम्ही चंद्रपूरला पोचलो आणि झुबेदाच्या घरी जेवून झोपलो.

दुसऱ्या दिवशी मूलपर्यंत पिकअपने गेलो. मधला डांबरी रस्ता वाहता आहे, सायकलवर जाऊ नका. मूलच्या पुढे नहर लागला आणि मी खरंच हरखले. पाळीवर दाबलेला मुरूम, चढ-उतार नाही, एका हाताला वाहतं पाणी, दुसऱ्या हाताला पेटल्यासारखे पळस. समोर माणूस नाही, मागे माणूस नाही. मनातल्या मनात मी हा ब्लॉग लिहायलाही घेतला होता.

झुबेदाने ब्रेक मारला. "शैला, बकऱ्या काऊन नाहीत?"

"म्हणजे?"

"मोहफुलं वेचायचे दिवस येऊन राह्यले. सरपणाच्या काड्यांवाल्या बाया नाहीत, बकऱ्या नाहीत, शेणसुद्धा ताजं नाही. हा रस्ता रिकामा नाही बाई, सोडलेला आहे."

थोडं पुढे पाळीच्या कडेला हिरव्या डहाळ्यांचा ढीग दिसला. वरच्या डहाळ्या ताज्या होत्या. त्यावर तुटकी बांगडी. आम्ही वेग वाढवला.

पहिलं गाव लागलं तेव्हा ओट्यावरचा म्हातारा उठून उभाच राहिला. "कोनत्या रस्त्यानं आल्या तुम्ही? नहरानं? डोकं हाये का नाई?"

"काय झालं भाऊ?"

"वाघ हाये ना बाप्पा! बाईले नेलं त्यानं. पंधरवडा नाई झाला."

समोरच्या घरातून एक बाई पाण्याचा गडवा घेऊन आली. वंदनाबाई, चाळिशीच्या. ज्या बाईला वाघाने नेलं, ती तिची जाऊ, सुमन. आम्ही काहीही विचारलं नाही. तीच सांगत गेली, गडव्याकडे बघत.

"काड्या आनाले गेलो होतो दोघी. पाळीनं वापस येऊन राह्यलो. मी समोर, ते मांग. तिच्या भावाचं लगन होतं, त्याचंच बोलून राह्यलो. म्या इचारलं, साडी कोन्या रंगाची घेतली वो? तं बोललीच नाई. मले वाटलं रुसली. मांग पाह्यलं तं पाळीवर तिचा भारा पडून होता."

तेवढ्यात आतून आवाज आला. "आई, त्याइले माह्या पेपरचं सांग."

वंदनाबाईची मुलगी प्रणाली बारावीला होती. परीक्षेचं केंद्र नहराच्या पाळीनेच पुढच्या मोठ्या गावात. डांबरी रस्ता जंगलातून लांबचा फेरा घेतो आणि त्याच्यावरची एसटी पेपर सुरू झाल्यावर पोचते. आधीच्या पेपरांना वडील सायकलने सोबत जात. परवा ठेकेदाराची गाडी आली आणि ते टोळीबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेले. मोटरसायकल असलेले गावातले बहुतेक पुरुषही त्याच गाडीत. उरला होता बायलॉजीचा पेपर, उद्याचा. प्रणालीला गडचिरोलीला नर्सिंगला जायचं होतं.

"नाई जाऊन राह्यली ते," वंदनाबाई म्हणाली. "एक साल गेलं तं जाऊ दे. पोरगी तं राहीन."

"आन अगल्या साली वाघ कुठी जाते? सिरोंच्याले?" प्रणाली दारात आली. डोळे सुजलेले, हातात पुस्तक. "अगल्या साली तू मलेच मिरची तोडाले पाठवशीन, मले मालूम हाये."

"तोंड पाय हिचं!"

शाळेत सिस्टर आम्हाला सांगायच्या की शिकलेली मुलगी कुणाला घाबरत नाही. त्या वाक्याचा इथे काय उपयोग होता? ही बाई पुढे चालत होती तेवढ्यात तिच्या पाठीमागून तिची जाऊ गेली होती.

झुबेदा म्हणाली, "आम्ही जातो संगं. चौघी होऊ."

"चौथी कोन?"

"तू."

"मले सायकल कुठी येते?"

"मांग बस," प्रणाली म्हणाली. "मी नेतो तुले."

म्हाताऱ्यानेही ओट्यावरून होकार भरला. चौघी जवळजवळ राहिल्या आणि मोठ्याने बोलत गेल्या तर वाघ वाट सोडतो, असं त्याचं म्हणणं. त्याची खात्री मी इथे कुणालाही देणार नाही.

रात्री आम्ही तिथेच राहिलो. भात, लाखोळीची डाळ, ठेचा. पैसे घ्यायला वंदनाबाई तयार झाली नाही. मोहर्लीला लोक अभयारण्यात जिप्सीत बसून वाघ बघायला लांबलांबून येतात, हे खरं का, असं तिने विचारलं. झुबेदा हो म्हणाली. "न्या म्हनावं त्याले," वंदनाबाई म्हणाली आणि कुशीवर वळली.

सकाळी उन्हं वर आल्यावर निघालो. पुढे मी, मध्ये प्रणालीची शाळेतून मिळालेली सायकल, मागे झुबेदा. वंदनाबाई कॅरिअरवर बसली ती मागे तोंड करून. पाळीवर येताच तिने हाका मारायला सुरुवात केली.

"झुबेदाबाई!"

"हो!"

"शैलाबाई!"

"आहे!"

"बोलत राहा. काईबी बोला."

काहीही बोलायचं म्हटलं की काही सुचत नाही. मी लहानपणची इंग्रजी प्रार्थना म्हटली, प्रणाली हृदयाचे कप्पे पाठ म्हणत राहिली. झुबेदा वाघालाच उद्देशून, "आमच्यात काही नाही रे बाबा, नुसती हाडं आणि संधिवात." वंदनाबाई हसली. हसता हसताच पुन्हा, "झुबेदाबाई!"

उत्तर आलं नाही.

"झुबेदाबाई!"

मी ब्रेक मारून वळले. वंदनाबाईने धावत्या सायकलवरून उडी टाकली होती, पडली, उठली आणि मागे पळत सुटली. अनवाणी, मोठ्याने ओरडत, एकटी. त्या दिवशी तिला जी संधी मिळाली नव्हती ती जणू तिला आज मिळाली होती. वळणाआड पळसाखाली झुबेदा निसटलेली चेन बसवत वाकली होती. वंदनाबाईने तिच्या पाठीत एक जोराचा धपका घातला.

"तोंड हाये ना तुमाले? बोलता येत नाई?"

"माफ कर बाई," झुबेदा म्हणाली. तिचे हात काळे झाले होते, तसेच तिने वंदनाबाईच्या खांद्यांवर ठेवले. प्रणाली घड्याळ बघत रडत होती. आम्ही पुन्हा निघालो. चिलटासारखी लाज मला सतत चावत होती: काल हीच वाट मला मोकळी म्हणून आवडली होती.

पेपरला प्रणाली वेळेवर पोचली. ती सुटेपर्यंत आम्ही शाळेसमोरच्या कडुनिंबाखाली बसून राहिलो. मग त्याच पाळीने, तसंच ओरडत, त्यांना घरी सोडलं. डहाळ्यांचा ढीग गावाच्या मूलकडच्या बाजूला आहे, पण वंदनाबाई आम्हाला घेऊन तिथपर्यंत चालत गेली. वाघाने माणूस नेला त्या जागी वाटसरूने एक तरी डहाळी ठेवायची असते. आम्ही पळसाची ठेवली. परतताना ती मुलीला म्हणाली, "आता ह्या नहरानं तू परत येजो नोको."

दुसऱ्या दिवशी आम्ही डांबरी रस्त्यावर येऊन एसटीच्या टपावर सायकली बांधल्या, वैनगंगेचा पूल ओलांडला आणि गडचिरोलीच्या स्टँडवर उतरलो. भजी खाल्ली. सायकल चालवावी असं दोघींनाही वाटलं नाही.

ही सहल मार्चातली, लिहायला दिवाळी उलटली. खाणीतल्या रस्त्यांची माहिती विचारलीत तर देईन. नहराचा नकाशा मात्र मागू नका. वाघ अजून सापडलेला नाही, आणि त्या पाळीवरून ज्यांना जावंच लागतं त्यांच्यात हौशी माणसांची भर नको.

प्रणाली पास झाली. गडचिरोलीत नर्सिंगला आहे, होस्टेलवर. दिवाळीला तिला घरी यायचं होतं, आईने येऊ दिलं नाही. वंदनाबाई स्वतःच गेली. तांदूळ आणि चकल्या घेऊन स्टँडवर तिच्यापाशी दुपारभर बसली आणि परत आली. हे तिने मला फोनवर सांगितलं.

"बस गावापर्यंत येते का आता?" मी विचारलं.

"नाई. रोडवर उतरतो, मंग पायी."

"सोबत कोण असतं?"

"सुमन. तिच्याशी बोलत बोलत येतो."

फोनवर क्षणभर शांतता पसरली, आणि तिकडून घाबरा, चढा आवाज आला.

"बाई? बाई, हाये ना तुमी?"

"आहे," मी म्हटलं. "आहे, वंदनाबाई. बोला."