फौजदाराची अळणी भाकर

कुत्र्याचं नाव फौजदार! भिकुअक्काचंच डोकं ते. म्हणायची, खरा फौजदार गावात येतो तो जेवून जातो, हा निदान राखण तरी करतो.

अमळनेरजवळच्या आमच्या खेड्यात अक्काचं घर नि माझं घर भिंतीला भिंत लागून. अक्का विधवा, एकुलता मगन सुरतला लूमवर, आणि तिला ऐकू येणं जवळजवळ बंद. दारात कुणी आलं की फौजदार तिचा पदर धरून ओढायचा. त्याच्याच जिवावर ती एकटी राहत होती. मगननं सांगून ठेवलं होतं, कुत्रं गेलं की आईला सुरतला नेणार. तिथल्या कोंदट खोलीचं नाव काढलं तरी अक्काचा जीव घाबरा व्हायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात फौजदाराला लघवी होईना. पाय वर करायचा, कण्हायचा, थेंबभर लाल पडायचं. गल्लीतल्या सुकदेवभाऊंनी बैलगाडी जुंपली, आम्ही त्याला अमळनेरला गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. लघवीच्या जागी जंतू झालेत म्हणाले. सुई टोचली, गोळ्या दिल्या आणि बजावलं, "मीठ-तिखट पूर्ण बंद. पाणी भरपूर पाजा."

अक्का ताकात भाकर कुस्करून द्यायला लागली. फौजदार मिटक्या मारत खायचा, पण दुखणं हटेना. उलट जास्तच मलूल झाला. अक्का माझ्यावरच डाफरली, "तुना डाक्टर खोटा शे!" मलाही राग आला. टोपलीतल्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, तर चांगली खारट!

मी तिच्या कानाशी ओरडले, "अक्का, इन्हामा मीठ शे!"

"मी टाकं नही, देवनी आन!"

आणि मग दोघींच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. आमच्याकडे घरोघर कळण्याचं पीठ. ज्वारी-उडदात खडेमीठ घालूनच गिरणीत दळायचं, मळताना वेगळं मीठ टाकतो कोण? आपल्याच हातानं त्याला मारत होतो म्हणून अक्का ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी नुसती ज्वारी दळून आणली. आधीचं खारं पीठ झाडून काढायला लावलं म्हणून गिरणीवाला कुरकुरला, कुरकुरू दे मेला! पण ती भाकर फौजदार हुंगेनासुद्धा. तेव्हा अक्का ओट्यावर त्याच्याशेजारी बसली आणि तीच अळणी भाकर स्वतः चावू लागली. "तू खाय, मी बी खास." मी म्हटलं, "अक्का, नवऱ्यासाठी तरी एवढं केलं होतं का?" ऐकू आलं नाही, की आलं, कोण जाणे! पण तिचं बघून तो खायला लागला. रोज दोघं तेच जेवायची. हळूहळू लघवी साफ झाली. कडुलिंबाखाली त्यानं निवांत पाय वर केला, तेव्हा अक्कानं अंगणातूनच हात जोडले. डॉक्टरला, देवाला, कुत्र्याला, बठ्ठास्ले, सगळ्यांनाच.

अशातच मगन आला, आईला न्यायलाच. कुत्रं जगत नाही, असं कुणीतरी सुरतला कळवलं होतं. अंगणातून त्यानं हाका मारल्या. अक्का चुलीशी पाठमोरी. फौजदार लटपटत उठला, आत गेला आणि तिचा पदर ओढला. मगन पिशवी हातात धरून उभाच राहिला. डोळे भरले त्याचे. सुरतचा विषय त्यानं काढलाच नाही.

अळणी भाकरीची सगळी हकीकत मी त्याला सांगितली. तो जेवायला बसला, तशी अक्कानं त्याच्यासाठी कळण्याचं खारं पीठ काढलं. मगननं तिचा हात धरला आणि कानाशी वाकून म्हणाला, "राहू दे आई. फौजदारनी भाकर दे माले."